तापला की धातू रांग लावतो

मधल्या सुट्टीत पळणाऱ्या मुलांना कोणी ‘स्टॅच्यू’ म्हटले, की जो तो जागच्या जागी थिजतो. पुढे घंटा झाली, की तीच मुले हळूहळू रांगेत येतात. धातूच्या अणूंचेही असेच असते, हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले चकित होतात.

वितळलेला धातू सावकाश निवला, तर अणू ओळीने बसून स्फटिक होतात. १९६० साली अमेरिकेत कॅलटेक संस्थेत पॉल डुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉनचे वितळलेले मिश्रण सेकंदाला सुमारे १० लाख अंश या वेगाने निववले. अणूंना रांग लावायला सवडच मिळाली नाही. काचेसारखा, विस्कळीत अणूंचा धातू तयार झाला.

याचा आपल्या घराशी काय संबंध? गल्लीतल्या डीपीच्या रोहित्राचा गाभा आपले दिवे बंद असतानाही रात्रंदिवस थोडी वीज खातो. लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉनच्या अशा पट्टीचा गाभा बसवला, तर ही नासाडी निम्म्याहून कमी होते. ही पट्टी केसापेक्षाही पातळ, जेमतेम २५ मायक्रोमीटर जाडीची असते.

मात्र हा ‘स्टॅच्यू’ कायमचा नाही. पट्टी ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली, की अणू हलू लागतात. जागोजागी स्फटिकांची बीजे धरतात, वाढतात. त्या वेळी थोडी उष्णताही बाहेर पडते. पट्टी ठिसूळ होते, तिचा चुंबकीय गुण जातो. नुसते निववून पहिले रूप परत येत नाही. पुन्हा वितळवावेच लागते. म्हणूनच कारखान्यात गाभ्यातला ताण काढायला आच देतात, ती या मर्यादेच्या खालीच.

१९८८ साली जपानच्या हिताची मेटल्समधील योशिझावा आणि सहकाऱ्यांनी याच बिघाडाला कामाला लावले. मिश्रणात थोडे तांबे आणि नायोबियम घालून त्यांनी पट्टी सुमारे ५५० अंशांवर तासभर तापवली. तांब्यामुळे असंख्य बीजे एकदम धरली. नायोबियमने त्यांची वाढ रोखली. स्फटिक सुमारे १० नॅनोमीटरचेच राहिले आणि पट्टीचा चुंबकीय गुण उलट वाढला. आच जवळपास तीच. फरक पडला तो तिच्यावर ठेवलेल्या लगामाने.

घरातल्या मुलांच्या एका हातावर खडीसाखर आणि दुसऱ्या हातावर साखरेची चिक्की ठेवा. साखर एकच, मग एकीला पैलू का आणि दुसरी काचेसारखी का, हे त्यांनाच विचारा.