आजीची उपासमार आणि नातीचे वजन

मागच्या पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना झाल्यावर आम्ही एक टेबल मांडले. वजनकाटा, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, एवढेच सामान. रक्तदाबासाठी रांग लागली. मोजपट्टी काढली की मात्र बायका हसून मागे सरत. एक मावशी म्हणाल्या, "ताई, आमची सासू कधी चालायला गेली नाही, कधी डायटिंग केलं नाही. सत्तरीतसुद्धा काठीसारखी होती. मग हे पोट आमच्याच वाट्याला कुठून आलं?"

प्रश्न चेष्टेत विचारला होता, पण तो खरा आहे. त्याचे एक उत्तर टीव्हीवर आणि मोबाइलवर रोज मिळते: तुम्ही आळशी झालात, जुने दिवस चांगले होते, आजीसारखे खा आणि आजीसारखे राबा. हे उत्तर मला मान्य नाही. आपल्या आज्या सडपातळ होत्या त्या काही निरोगी राहणीमानामुळे नव्हे. त्या भुकेल्या होत्या आणि ढोरासारख्या राबत होत्या. त्या भुकेचा हिशेब त्यांच्याबरोबर संपला नाही, तो आपल्या शरीरात अजून चालू आहे. म्हणून आपल्या घरांनी वजनाकडे इतरांपेक्षा लवकर लक्ष दिले पाहिजे.

माझ्या आजीचेच सांगते. १९७२ च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी यायची, अमेरिकेतून आलेली. कामावर सुकडी मिळायची, तीही ती पदरात बांधून घरी लेकरांसाठी आणायची. एरवीचा दिवस म्हणजे पहाटे जात्यावर दळण, डोक्यावर पाणी, मग दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी. ताटात भाकरी, अंबाडीची नाहीतर तांदूळजाची भाजी, वर मिरचीचा ठेचा. तेल थेंबाने मोजायचे. दूध घरात यायचे ते फक्त कुणी आजारी पडले तर. तिची दोन लेकरे वर्षाच्या आत गेली. पन्नाशीत तिची पाठ वाकली होती. अशा सडपातळपणाचे कौतुक मी कशाला करू?

आई लग्न होऊन शहरातल्या वस्तीत आली. जाते सुटले, पीठ गिरणीतून येऊ लागले. पण सार्वजनिक नळाची पहाटे चारची रांग होती, पाटा-वरवंटा होता, चार घरची धुणीभांडी होती आणि ती घरे पायीच गाठायची होती. सकाळची भाकरी गेली, तिच्या जागी चहा आणि बटर आले. तरी अंग हलत होते, म्हणून वजन चाळिशीपर्यंत आवरून राहिले. गुडघे दुखायला लागले, कामे सुटली आणि वजन वाढले.

आता माझी भाची. घरात नळ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे. ती दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, तिचा भाऊ सिक्युरिटीच्या बारा तासांच्या रात्रपाळीत खुर्चीवर बसतो. हंडा डोक्यावरून उतरला, ही प्रगती आहे आणि ती आपल्या माणसांनी झगडून मिळवली आहे. तो हंडा पुन्हा डोक्यावर घ्या असे कुणी म्हणू नये. पण अंगमेहनत गेली आणि त्याच वेळी ताट बदलले, हेही खरे. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो. ज्वारी बाजारात गव्हाहून महाग पडते, म्हणून भाकरी आठवड्यातून एकदा होते. डाळ पातळ आणि भात जास्त. तेल सढळ हाताने. पोर रडले की पाच रुपयांची पुडी. फळ वीस रुपयांना आणि पुडी पाचला असेल, तर आई काय घेणार? हा तिच्या बुद्धीचा दोष नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा बदल आकड्यांत दिसतो. २००५-०६ मध्ये देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १२.६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण २०.६ टक्के झाले आणि २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पुरुषांचे ९.३ वरून २२.९ वर गेले. एका पिढीच्या आतच आकडा दुप्पट होतो, तेव्हा त्याला एकेकाचा आळस म्हणून भागत नाही.

आता भुकेच्या हिशेबाकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन शहरातल्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे लहान, पोट-स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडते तेव्हा ते स्नायूंवर काटकसर करते आणि चरबी जपते. पुढे उपासमारच नशिबी असेल तर ही सोय उपयोगी पडते. पण पुढे भरपूर भात, साखर, तेल आणि खुर्ची मिळाली, तर हेच शरीर पोटावर चरबी साठवते. मग मधुमेह आणि रक्तदाब कमी वजनात, कमी वयात गाठतात.

आणखी एक गोष्ट. मुलगी आईच्या गर्भात असतानाच तिच्या अंगात स्त्रीबीजे तयार झालेली असतात. म्हणजे ज्या बीजापासून आपण जन्मलो, ते आजीच्या पोटातच तयार झाले होते, जेव्हा ती अर्धपोटी राबत होती. हा अभ्यास कुणा एका समाजाचा नाही, पण ज्यांच्या घरात भूक सर्वांत जास्त पिढ्या राहिली, त्यांनी तो सर्वांत आधी मनावर घ्यायला हवा. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतोच.

आपल्याकडे एक अडचण मायेचीही आहे. जाड माणसाला आपण 'खात्यापित्या घरचा' म्हणतो. ज्या आजीने आपली लेकरे उपाशी झोपताना पाहिली, ती नातवाला तिसरी पोळी वाढणारच, त्याच्या गुबगुबीत गालांकडे पाहून डोळे पुसणारच. तिला रागावू नका. तिला एवढेच सांगा की आता या घरात भूक परत येणार नाही, त्यामुळे पोराच्या अंगावर साठा करायची गरज उरलेली नाही.

'मोजून खा' हा सल्ला आपल्याला नवा नाही. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो पोट फुटेपर्यंत जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही, लाजही काढली नाही. जेवताना सावध राहून मात्रा ओळखायला सांगितले. राजाने एका तरुणाला रोज जेवणाच्या वेळी त्याची आठवण करून द्यायला नेमले आणि आहार हळूहळू कमी केला. यातले दोन शब्द धरून ठेवण्यासारखे आहेत: हळूहळू, आणि सोबतीने.

म्हणून करायचे काय? आधी मोजा. श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर घ्या. बाईचा ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला तर सावध व्हा, वजन कमी दिसत असले तरीही. पाच फूट उंचीच्या माणसाचे वजन भारतीय मापाने ५३ किलोच्या वर जास्त आणि ५८ च्या वर लठ्ठपणात मोडते. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी, ती मोफत होते.

मग चहा. दिवसाचे पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. कप दोन करा, चमचा एक करा. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरवर आणा, चार माणसांना दोन लिटर. भात अर्धा करा आणि डाळ घट्ट करा. मटकी, हुलगे, चवळी, अंडी, सुकट यांना ताटात जागा द्या. भाकरी आणि पालेभाजी आजीची होती. तिचे कष्ट आणि तिची भूक आपण सोडून देऊ, पण तिची भाकरी ठेवू.

उपास मात्र करू नका. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. जाड बाई म्हणजे सकस बाई नव्हे. आमच्या वस्तीतील एकीने भिशीचे पैसे वजन घटवायच्या पावडरीच्या डब्यांत घातले. वजन चार महिन्यांत परत आले, पैसे काही परत आले नाहीत.

चालायचे म्हटले तर जागा कुठे, हा प्रश्न रास्त आहे. बोळात गटार, रस्त्यावर गाड्या, अंधार पडल्यावर बाईला एकटीने फिरायची भीती. म्हणून एकटीने नको. पाच-सहा जणी मिळून विहाराच्या आवारात रोज अर्धा तास चाला. आणि मंडळाने दोन मागण्या लावून धराव्यात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचीही तरतूद आहे, तर रेशनवर ज्वारी नियमित मिळाली पाहिजे. वस्तीजवळचे मैदान रात्री दिवे लावून बायकांसाठी खुले राहिले पाहिजे. जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनी आपण जे वाटतो, त्यात वडापाव आणि थंड पेयाऐवजी उसळ, केळी आणि ताक ठेवणे तर आपल्याच हातात आहे.

त्या मावशींनी शेवटी घेर मोजू दिला. ९४ सेंटीमीटर भरला. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या नातीला पुढे ओढून म्हणाल्या, "माझं राहू दे, हिचं आधी मोज. हिला वेळ आहे." मी म्हटले, "मावशी, वेळ तुम्हालाही आहे." पुढच्या पौर्णिमेला टेबल पुन्हा मांडणार आहोत. तुमच्या विहारातही मांडा. मोजपट्टी दहा-वीस रुपयांत मिळते.