मटणाचा भाव ठरला; खिम्याचा कधी ठरणार?

मटणाचा भाव ही कोल्हापूर शहरात कधीच खासगी बाब राहिलेली नाही. २०१९ च्या अखेरीस दर वाढले तेव्हा येथे आंदोलन झाले, बहिष्काराची भाषा झाली, विक्रेते आणि नागरिक यांच्या बैठकांवर बैठका झाल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांचा वृत्तान्त पहिल्या पानावर दिला. बाहेरगावच्या लोकांनी या प्रकाराची थट्टा केली. प्रस्तुत लेखकाला मात्र त्यात थट्टेचे काही वाटले नाही. ज्या वस्तूवाचून आपला रविवार अडतो त्या वस्तूच्या किमतीबद्दल ग्राहकाने जागरूक असावे, संघटित व्हावे, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही शिक्षकाला आनंदच देणारे आहे. तथापि त्या सर्व वादंगात मटणाची किंमत म्हणजे खाटकाच्या दुकानात मोजावयाची किंमत, एवढेच सर्वांनी गृहीत धरले होते. दुकानातून पिशवी घरी आल्यानंतर त्या मटणावर जो दुसरा खर्च होतो त्याचा उच्चार कोणी केला नाही. मीही केला नाही. वर्गात राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण शिकवण्यात माझी वर्षानुवर्षे गेली असताना केला नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

तो दुसरा खर्च ध्यानात आला तो एका अपघाताने. गेल्या वर्षी पत्नीच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. पहिल्या दोन रविवारी बाहेरून डबा आणला. तिसऱ्या रविवारी मुलांनी घरचा खिमा हवा म्हणून हट्ट धरला, आणि ‘मी सांगते, तुम्ही करा’ या अटीवर तो माझ्याकडे आला. एका सूचनेवर चालणारे काम, एवढीच माझी कल्पना होती.

खिमा हा पदार्थ दिसावयास सोपा आहे, आणि हीच त्याची फसवणूक. दुकानातच मला कळले की, ‘अर्धा किलो खिमा द्या’ एवढे सांगून भागत नाही. मांडीचे मटण हवे, थोडी चरबी राहू द्यावी, यंत्रातून न काढता ठोकळ्यावर सत्तूराने बारीक करून द्यावे, अशी यादी पत्नीने दिली होती. यंत्रातून काढलेल्या खिम्याचा पुष्कळदा लगदा होतो. हाताने तोडलेल्या खिम्याला कण राहतो आणि तो कण दाताखाली यावा लागतो. घरी आल्यावर बारीक चाळणीत धुणे, पाणी घट्ट पिळून काढणे, हळद-मीठ आणि आले-लसणाचे वाटण लावून ठेवणे. मग तीन मोठे कांदे बारीक चिरणे. कांदा तांबूस होईपर्यंत परतणे हे वाक्य पाककृतीच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत संपते. शेगडीजवळ ते वीस मिनिटे चालते, आणि त्या वीस मिनिटांत दुसरे काही करता येत नाही. खिमा कढईत पडला की त्याचे गोळे होऊ पाहतात, ते उलथण्याने सतत मोडावे लागतात. मग त्याला पाणी सुटते. नवशिक्याला वाटते, आता मसाला टाकावा. पत्नीने खुर्चीवरूनच हात वर करून मला थांबवले. ते पाणी पूर्ण आटून कच्चा वास जाईपर्यंत, चरबी सुटून कढईच्या कडेला चमकू लागेपर्यंत कांदा-लसूण मसाला घालावयाचा नाही. त्यानंतर मसाला, मग गरम पाणी, वर पाण्याने भरलेले झाकण आणि मंद आच. शेवटी कोथिंबीर. भाकऱ्या शेजारच्या गल्लीतून विकत आणल्या, कारण तो प्रयत्न मी केला असता तर लेख वेगळ्याच विषयावर लिहावा लागला असता.

बाजारातून परत आल्यापासून भांडी घासून होईपर्यंत तीन तास दहा मिनिटे लागली. सवय असलेल्या हाताला दोन तास पुरतात, असे पत्नीचे मत पडले. दोन तास धरू.

पण हे दोन तासही संपूर्ण नाहीत. त्या कढईत मी मोठे दोन चमचे जो मसाला घातला तो कोठून आला? कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला हा उन्हाळ्यात एकदा करून वर्षभर पुरवावयाचा साठा आहे. ब्याडगी रंगासाठी, लवंगी तिखटपणासाठी, संकेश्वरी चवीसाठी. मिरच्या उन्हात वाळवून त्यांचे देठ काढावयाचे, शिंका आणि डोळ्यांची आग सोसत. धने, तीळ, खसखस, सुके खोबरे आणि गरम मसाल्याचे जिन्नस एकेक करून तेलात भाजावयाचे, कांदा वाळवून तळावयाचा, लसूण सोलावयाचा. मग सर्व घेऊन डंकावर जाऊन रांगेत उभे राहावयाचे, आणि कुटून आणल्यावर पुन्हा हाताने कालवून, हिंगाचे खडे घालून बरण्यांत दाबून भरावयाचे. त्या रात्री हातांची जी आग होते तिच्यावर तूप चोळून भागत नाही. आम्ही वर्गात शिकवतो की, यंत्राची किंमत एकाच वर्षाच्या उत्पादनावर न टाकता घसारा म्हणून वाटून टाकावी. त्या न्यायाने पाहिले तर रविवारच्या प्रत्येक खिम्यात एप्रिलमधल्या श्रमाचा एक हिस्सा पडलेला असतो. कारखान्याचा घसारा ताळेबंदात दिसतो. या बरणीचा कोठेच दिसत नाही.

वाचक म्हणतील, घरच्या कामाला पैशाचा गज लावणे हा अर्थशास्त्र्यांचा अतिरेक आहे. आईने रांधलेल्या अन्नाची किंमत काय करावयाची? आक्षेप भावनेचा असला तरी क्षुल्लक नाही. परंतु ही किंमत करण्याचे काम अर्थशास्त्र्याच्या आधी आपल्या गावाने केलेले आहे. ‘मटण करून मिळेल’ अशी पाटी आपण सर्वांनी वाचली आहे. मटण तुमचे, मसाला आणि मेहनत त्यांची. किलोमागे ठरलेली मजुरी द्यावी आणि डबा घेऊन जावे. मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ मध्ये घरगुती उत्पादनाची जी कसोटी सांगितली ती हीच होती: जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते ते उत्पादन होय, मग ते घरात कोणीही फुकट करीत असो. आपल्या पाटीवाल्या बाईने रीडबाईंचे पुस्तक वाचलेले नसेल. पण तिने मजुरी सांगितली त्याच क्षणी शेजारच्या घरातील तेवढ्याच कामाचाही बाजारभाव ठरला. एका स्वयंपाकघरात तो रोख मिळतो, दुसऱ्यात तो शून्य असतो. खिमा दोन्हीकडे सारखाच.

केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० मध्ये ही विसंगती मोठ्या मिश्कीलपणे दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण पगार थांबतो आणि काम मात्र चालूच राहते. हे उदाहरण सांगितले की वर्ग हसतो. मीही दर वर्षी हसत आलो. आज वाटते, त्या विनोदात विवाहानंतर त्या बाईचे काय झाले हे आम्ही कधी विचारले नाही. राष्ट्रीय लेखापद्धतीचा नियम तर याहून विलक्षण आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या घरी खाण्यासाठी पिकवलेली ज्वारी उत्पादनात धरली जाते; त्याच ज्वारीची भाकरी त्याच्या घरात थापली गेली की ती सेवा हिशेबाबाहेर पडते. म्हणजे दाण्यापर्यंत राष्ट्र, आणि पिठापुढे नशीब!

हा खर्च मोजता येत नाही, असेही आता म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात आणि असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे, असे दिसले. शिवाय असे काम मुळात करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के, तर पुरुषांत अवघे २६.१ टक्के. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे आले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली म्हणून समाधान मानावे, तर पुरुषांचीही नऊ वाचली! पाच वर्षांपूर्वीचे अंतर २०२ मिनिटांचे, नंतरचे २०१ मिनिटांचे. मिक्सर आला, कुकर आला, तयार मसाल्याची पाकिटे आली. अंतर मिनिटभर सरकले.

न्यायालयाला हे मोल दिसते, पण फार उशिरा दिसते. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाती मृत्यूच्या प्रकरणात गृहिणीचे मानीव उत्पन्न धरून नुकसानभरपाई वाढवली, आणि त्या निकालात याच पाहणीतील आकड्यांचा आधार घेतला. निकाल स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु ज्या व्यवस्थेत गृहिणीच्या श्रमाचे मोल तिच्या अपघाती मृत्यूनंतर विमा कंपनीशी भांडून सिद्ध करावे लागते, तिच्याबद्दल अभिमान बाळगणे अवघड आहे.

खिम्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, कारण ती वाटपाच्या प्रश्नाशी निगडित आहे. मटणाच्या फोडी मोजता येतात, आणि मोजता येतात म्हणून त्यांची प्रतवारी होते. आमच्या लहानपणी नळी वडिलांच्या ताटात, कलेजी धाकट्याच्या ताटात, असा अलिखित कायदा होता. खिमा हा कायदा मोडतो. त्यात हाड नाही, नळी नाही, चांगला तुकडा आणि वाईट तुकडा हा भेद नाही. शिवाय मटार किंवा बटाटा घालून अर्ध्या किलोत सात माणसे निभावता येतात. महिनाअखेरीस आई खिमा का करीत असे याचा उलगडा मला अर्थशास्त्र शिकून झाला नाही, तो परवा कढई घासताना झाला. पदार्थाने समता आणली तरी पळी कोणाच्या ताटात प्रथम जाते हे पदार्थ ठरवीत नाही. सर्वांचे झाल्यावर आई रिकाम्या पातेल्यात भाकरीचा तुकडा फिरवीत असे. बुडाशी लागलेलेच खरे चवदार असते, असे ती म्हणे, आणि आम्ही ते खरे मानीत असू. तिला एकदाही पहिली पळी वाढलेली मला आठवत नाही.

मग करावयाचे काय? नवऱ्याने बायकोला पगार द्यावा, ही सूचना मला मान्य नाही. त्याने मालक आणि नोकर हे नाते घरात येते, जे पुष्कळ घरांत आधीच आहे. सरकारकडून अपेक्षा आहे ती अशी की, वेळेच्या वापराच्या पाहण्या होत आहेतच, तर त्यांच्या आधारे घरगुती सेवांचा स्वतंत्र उपलेखा दर वर्षी, आणि राज्यवार, प्रसिद्ध व्हावा. राष्ट्रीय उत्पन्नात तो मिळवू नका; शेजारी छापा. शेजारी छापलेला आकडा अंदाजपत्रकाच्या चर्चेत डोळ्यांना टोचू लागतो आणि पाळणाघर, नळाचे पाणी, स्वयंपाकाचा गॅस यांवरच्या खर्चाला ‘कल्याणकारी’ हे दयेचे विशेषण लावणे कठीण होते. आणि मटणाच्या दरासाठी रस्त्यावर उतरण्याची धमक असलेल्या आपल्या शहरातील पुरुषांकडून अपेक्षा याहून लहान आहे. ‘मटण मीच करतो’ असे आपल्यापैकी पुष्कळ जण अभिमानाने सांगतात, आणि यात्रेत, शेतावर, मित्रमंडळीत ते खरेही असते. तेथे कांदा चिरून देणारे चार हात असतात आणि भांडी घासावयास दुसरेच कोणी असते. प्रश्न आहे तो घरातल्या रविवारचा, चिरण्यापासून घासण्यापर्यंतचा.

पत्नीचे प्लास्टर निघून आता बरेच दिवस झाले. रविवारचा खिमा माझ्याकडेच राहिला आहे. तो तिच्यासारखा होत नाही, हे मुले दर आठवड्याला सांगतात. एप्रिलमध्ये मिरच्या घरी येतील. देठ काढण्याचे काम या वर्षी माझ्याकडे लागले आहे, आणि डंकावरच्या रांगेत नंबर लावण्याचेही.