घाटाची गाडी आणि पदरचें पुस्तक

कर्जत-खालापूरच्या माणसास आगगाडी हें केवळ वाहन नव्हे. तें त्याच्या घरांतलें घड्याळ आहे. अमुक गाडी गेली म्हणजे दूध तापवावें, तमुक गाडी घाट चढूं लागली म्हणजे देवाजवळ दिवा लावावा, असा क्रम येथील कित्येक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आला. रेल्वेच्या चाकरींत जन्म घालविलेलीं माणसें या भागांत पुष्कळ. त्यांपैकीं निवृत्त झालेल्या कांहीं मंडळींस, आणि गाडीच्या नादानें वेडावलेल्या तरुणांसही, आपण उतारूंच्या गाड्यांचा इतिहास लिहावा व तो पदरच्या पैशानें छापावा, असें अलीकडे वाटूं लागलें आहे. ही इच्छा चांगली कीं वाईट, आणि चांगली असल्यास घर न बुडवितां ती पुरी कशी करावी, याचा विचार या महिन्यांत करूं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, आगगाडीवर मराठींत लिहिणें हा आजकालचा छंद नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी गेली. लगेच पुढल्या वर्षीं, १८५४ सालीं, कृष्णशास्त्री भाटवडेकर यांनीं ‘लोखंडी रस्त्यांचें संक्षिप्त वर्णन’ हें पुस्तक मराठी वाचकांच्या हातीं दिलें. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं निघालें. बोरघाटांतून गाडी सुरू झाली तें सालही हेंच. शास्त्रीपंडितांच्या त्या पिढीनें नवें यंत्र पाहून डोळे मिटले नाहींत. तें समजून घेतलें व आपल्या भाषेंत सांगितलें. तेव्हां आज कोणी निवृत्त गार्ड किंवा स्टेशनमास्तर लेखणी उचलील, तर तो परंपरा मोडीत नसून चालवीत आहे.

आतां विषयाची थोरवी पाहूं. गाडी १ मे १८५४ रोजीं कल्याणास आली आणि १२ मे १८५६ रोजीं पळसदरीवरून खोपोलीस पोंचली. पलीकडे खंडाळा ते पुणें हा मार्ग १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. मध्यें उभा होता तो सह्याद्रि. सुमारें पांच वर्षें पुण्याचा उतारू खोपोलीस उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसे. घाटांतील रूळ पुरे झाल्यावर पळसदरीहून थेट वर जाणारा रस्ता मुख्य ठरला, व एके काळचें शेवटचें स्टेशन खोपोली हें फांट्यावरचें गांव झालें. त्या फांट्यावर आजही कर्जतेहून लोकल गाड्या जातात. परंतु आपण आद्य मार्गावरून चाललों आहों हें डब्यांतील किती विद्यार्थ्यांस ठाऊक असतें?

घाटाचें काम मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या योजनेप्रमाणें झालें. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल, आणि कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस एक फूट असा चढाव. १८५९ च्या आरंभीं थकलेल्या मजुरीवरून कामगारांत दंगा झाला व फॅव्हियल नांवाच्या कंत्राटदारानें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेले सॉलोमन ट्रेडवेल येथें पाऊल टाकल्यावर थोड्याच दिवसांत वारले. तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं कंत्राट आपल्या अंगावर घेतलें आणि जाणते अभियंते नेमून तें तडीस नेलें. आमच्या भगिनींनीं हें नांव अवश्य लक्षांत ठेवावें. १८६१ सालीं या घाटांत ४२,००० वर माणसें राबत होतीं. बोगदे किती, कमानी किती, हें बारकाईनें लिहून ठेवलेलें सांपडतें. पण ज्या हातांनीं ते खडक फोडले त्या हातांचीं नांवें कोणी लिहिलीं नाहींत.

आणि येथेंच पदरच्या पुस्तकाचें खरें प्रयोजन आहे. बोगद्यांची संख्या पुन्हां छापण्यासाठीं कोणीं आपली पुंजी खर्चण्याचें कारण नाहीं. ती छापलेलीच आहे. जें दुसऱ्या कोणास लिहितां येणार नाहीं तेंच लिहावें. घाट चढतांना कर्जतेस गाडीच्या मागें इंजिनें जोडतात, त्यांस बँकर म्हणतात. सगळा भार पुढच्या इंजिनानें ओढला तर डब्यांच्या सांखळीवर अतोनात ताण पडेल, आणि ती तुटल्यास डबे उतारावरून मागें धांवतील. म्हणून मागून रेटावयाचें. इतकें कोणत्याही पुस्तकांत मिळेल. परंतु मुसळधार पावसांत तें जोडकाम करणाऱ्या माणसाचे हात कसे चालत, फलाटावर त्या थांब्याच्या मिनिटांत गरम वड्यांची टोपली घेऊन धांवणाऱ्या पोराचा दिवस केव्हां सुरू होई, मेल गाडी अडकली म्हणजे स्टेशनमास्तरांच्या घरीं किती अनोळखी मुलें जेवून जात, हें अभियंत्याच्या वहींत नाहीं. तें आमच्या घराघरांत आहे, आणि एकेक वृद्ध गेला कीं तेवढें पान कायमचें फाटतें.

मात्र जिव्हाळा निराळा व प्रमाण निराळें. मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं प्रतिज्ञा केली आहे कीं, आधाराविना कांहीं लिहिणार नाहीं व गरजेविना कांहीं सांगणार नाहीं. रेल्वेचा इतिहास लिहिणारानें ही प्रतिज्ञा मेजासमोर टांगून ठेवावी. एक उदाहरण देतों. बोरघाट केव्हां खुला झाला? एका पुस्तकांत २१ एप्रिल १८६३ सांपडेल, दुसऱ्यांत १४ मे १८६३. उतावळा लेखक एकास खोटें ठरवील. वस्तुतः दोन्ही खऱ्या आहेत. पहिल्या दिवशीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें समारंभ झाला, दुसऱ्या दिवसापासून लोकांची वाहतूक सुरू झाली. दुसरें उदाहरण शिंगरोबाचें. या धनगरानें साहेबास घाटाची वाट दाखविली ही कथा खोपोलीकडील प्रत्येक मुलास ठाऊक आहे, आणि घाटांत त्याचें देऊळही आहे. ती कथा पुस्तकांत यावीच. पण ‘असें लोक सांगतात’ या शब्दांनीं यावी. लोककथेस दस्तऐवजाचा अंगरखा चढविला म्हणजे दोहोंचाही अपमान होतो. तिसरी सूचना शोधाची. १८८२ च्या गॅझेटियरांत कर्जतची माहिती कुलाब्याच्या खंडांत शोधूं नये. तेव्हां हा तालुका ठाणें जिल्ह्यांत होता, म्हणून ती ठाण्याच्या खंडांत आहे.

आतां पैशाकडे वळूं. कारण खरी परीक्षा तेथें आहे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त गार्ड आहेत. तीस वर्षांच्या टिपणवह्या त्यांच्या पत्नीनें ट्रंकेंत जपून ठेवल्या आहेत. त्यांनीं एक हजार प्रती काढण्याचा बेत केला. वहिनींनीं मला बोलावून शांतपणें विचारलें, “भाऊजी, पुस्तक व्हावें असें मलाही वाटतें. पण हे पैसे नातीच्या शिक्षणाला ठेवलेले आहेत. हजार प्रती घेणार कोण, तें आधीं सांगा.” मला तो प्रश्न फार योग्य वाटला. पुस्तक छापण्यापूर्वीं प्रत्येक लेखकाच्या घरांत तो विचारला जावा, आणि लेखकानें रागावूं नये.

छापखान्याचें गणित असें आहे. मोठ्या यंत्रावर छापतांना पानांच्या पाट्या तयार करण्याचा खर्च शंभर प्रतींस जेवढा तेवढाच हजारांस. म्हणून प्रती वाढवाल तशी दर प्रतीची किंमत उतरते, व लेखक मोहांत पडतो. स्वस्त पडलेली परंतु न विकलेली प्रत ही सर्वांत महाग प्रत होय. माळ्यावरच्या वाळवीस तिचा हिशेब विचारावा. आतां नव्या यंत्रांवर पाट्यांवांचून पन्नास प्रतीही निघतात. दर प्रतीस थोडें अधिक पडतें, पण घरांतील ठेव मोडावी लागत नाहीं. १६ पानांचा एक फर्मा. सहा फर्म्यांत ९६ पानें होतात. पहिल्या पुस्तकास तेवढीं पुष्कळ.

दुसरा उपाय आपल्या वाडवडिलांचा आहे. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत कित्येक मराठी ग्रंथ आगाऊ वर्गणीवर निघत आणि आश्रयदात्यांची यादी आरंभीं छापीत. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर यांनींही ज्ञानकोशासारखें प्रचंड काम अशाच वर्गणीदारांच्या बळावर उभें केलें. आगगाडीचे षोकी लोक गांवोगांवीं आहेत व एकमेकांस ओळखतात. त्यांस आधीं पत्र घालावें, दोन प्रकरणें वाचावयास द्यावीं, आणि जितकीं नांवें येतील त्यांहून थोड्याच अधिक प्रती काढाव्या. आमच्या गार्डसाहेबांनीं हा मार्ग पत्करला आहे. वह्या ट्रंकेंतून निघाल्या असून नात रोज संध्याकाळीं एक पान उतरून काढते.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टीही सांगतों. पुस्तकास लागणारा आय. एस. बी. एन. क्रमांक सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठीं कोणास पैसे देऊं नयेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणें प्रकाशकानें पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांच्या आंत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेंच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांस एकेक प्रत स्वखर्चानें पाठवावयाची असते. हा भुर्दंड समजूं नये. आपलें घर राहो न राहो, तेथील प्रत राहील. दुसऱ्यानें काढलेलें छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवांचून घेऊं नये. आणि मुद्रितें दोघांनीं तपासावीं: एकानें शुद्धलेखन पाहावें, दुसऱ्यानें केवळ साल व आंकडे. इतिहासाच्या पुस्तकांत एक मात्रा चुकली तर वाचक हंसतो. एक साल चुकलें तर पुढचा लेखक तेंच उचलतो, आणि अंधपरंपरा सुरू होते.

विषय लहान घ्यावा. सर्व हिंदुस्थानच्या रेल्वेचा इतिहास लिहूं म्हणणारा बहुधा प्रस्तावनेंतच थकतो. खोपोलीचा फांटा घ्या. १९०७ सालीं सुरू झालेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी घ्या. २००५ च्या अतिवृष्टींत तिचा मार्ग वाहून गेला व २००७ सालीं ती पुन्हां धांवली, एवढ्यावरही एक सुंदर प्रकरण होईल. उलटें फिरण्याचें स्टेशन घ्या. घाटांत तेथें गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकास लावीत, आणि १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर तें बंद झालें. १ जून १९३० रोजीं निघालेल्या दख्खनच्या राणीविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. पण तिच्या मागून येणाऱ्या, प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या पॅसेंजर गाडीविषयीं फारसें कोण लिहितो? आपल्या वडीलधाऱ्यांचें आयुष्य मात्र तींतूनच गेलें.

पुस्तक लिहिणें सर्वांस साधणार नाहीं. परंतु एक गोष्ट सर्वांस साधेल. दिवाळीच्या साफसफाईंत जुनीं वेळापत्रकें, पुठ्ठ्याचीं तिकिटें, पास, बदलीचे हुकूम, गणवेशांतील छायाचित्रें हीं रद्दीवाल्याच्या तराजूंत घालूं नका. प्रत्येक छायाचित्रामागें मऊ पेन्सिलीनें माणसाचें नांव, स्टेशन व साल लिहा. हें काम घरांतील आजोबा-आजी बसलेलीं असतांनाच करा; कारण त्या फोटोंतील तिसऱ्या माणसाचें नांव आज त्यांनाच ठाऊक आहे.