खेळांचीही एक वही हवी

विट्टी-दांडू खेळलेल्या माणसाला ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण हे शब्द आले कुठून? तेलुगूत एक ते चार मोजताना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, तेलुगू मुलखाच्या जोडीने होता. परंतु हे शब्द पुण्या-साताऱ्याकडेही चालतात. तेव्हा हा शेजार निजामाच्या राज्यापुरता नाही. गुरं राखता राखता पोरं ज्या आकड्यांवर भांडत होती, त्यांत एवढा इतिहास दडलेला आहे.

युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा करार केला. भारत त्यात २००५ मध्ये सामील झाला. वारशाच्या याद्या कराव्यात आणि हे काम त्या त्या लोकांना बरोबर घेऊन करावे, असे हा करार सांगतो. पण त्यासाठी पॅरिसचा साहेब सेनगाव-कळमनुरीच्या पारावर येऊन बसणार नाही. हे काम गावालाच करावे लागेल.

ते अवघडही नाही. २००२ च्या कायद्याने झाडापाखरांसाठी लोक जैवविविधता नोंदवही आली. तिच्या शेजारी खेळांची एक शंभर पानी वही ठेवावी. गुरुजींनी पोरांना आजा-आजीकडे धाडावे. खेळाचे नुसते नाव लिहून भागणार नाही. आट्यापाट्यांचे मैदान कसे आखत, डाव कसा मोजत, विट्टी कोणत्या लाकडाची, सूरपारंब्याला कोणते झाड, हे सारे लिहावे. फुगडीचे, सागरगोट्यांचे, पंचमीच्या झोक्याचे बायकांनाच विचारावे. खेळात कोणाला घेत नव्हते, तेही लिहावे. गोड तेवढेच लिहिले तर ती नोंद खोटी ठरेल.

यातून काय पिकणार, असे कोणी विचारील. शेतकऱ्याला उत्तर ठाऊक आहे. एका वर्षी पीक बुडाले तर पुढच्या वर्षी पेरता येते, बियाणेच संपले तर काय पेरणार? खेळांचे बियाणे आज म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं एकेक करून चालली आहेत.

१ मे १९९९ रोजी आपला हिंगोली जिल्हा झाला. येत्या १ मेच्या ग्रामसभेत सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय घ्यावा. खर्च एका वहीचा आहे. उशीर मात्र परवडणारा नाही.