जनगणनेच्या रकान्यात आपण काय सांगणार?

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड गाड्यांमधून भडोच बंदरात जायचं. हे आपल्याला कळतं, कारण त्या काळातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ने त्याची नोंद करून ठेवली. नोंद नसती, तर ही गोष्टही विसरली गेली असती.

आज या जिल्ह्याचा हिशेब 2011 च्या जनगणनेवर चालतो. आठ तालुके, लोकसंख्या 16,57,576, शंभरातले 83 खेड्यांत. बालाघाटाच्या एका अंगाचं पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातं, भूम-परांड्याकडचं सीनेतून भीमेला. तरी प्यायच्या पाण्याला उन्हाळ्यात टँकर लागतो. 2018 मध्ये केंद्राने जिल्ह्याला ‘आकांक्षित’ म्हटलं, म्हणजे मागास. इथे साधारण दहातला एक माणूस मुसलमान आहे. पण त्या एकात कोण कोण आहे, हे आकडा सांगत नाही.

फेब्रुवारी 2027 च्या मोजणीत ते सांगायची संधी आहे. 1931 नंतर पहिल्यांदाच जनगणनेत सगळ्यांची जात नोंदली जाईल. आपल्याकडे लगेच उत्तर येतं, ‘इस्लाममध्ये जात नाही.’ दीन म्हणून खरंच आहे. पण बागवान, पिंजारी, मोमीन, अत्तार या बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. सगळ्यांनी नुसतं ‘मुसलमान’ लिहिलं, तर पिंजाऱ्याचं मागासलेपण कुठल्या आकड्यात दिसणार?

भाषेचंही तसंच. नाव ऐकून प्रगणकाने परस्पर उर्दू लिहू नये. घरात जी बोलतो ती मातृभाषा सांगा आणि येणाऱ्या इतर भाषांत मराठी आवर्जून नोंदवा. अम्मी शेतात रोजाने जात असेल, तर तिच्यापुढे ‘घरकाम’ लिहू देऊ नका.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. चुकीची माहिती भरली, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो, हे रोज पाहतो. यंदा मोजणी डिजिटल आहे, माहिती स्वतःही भरता येईल. पण ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तेव्हा फडावर असतील. ती जिथे असतील तिथे मोजली जावीत, हे पाहायला हवं.

तेव्हा रमजान असेल. तरावीहनंतर दहा मिनिटं मोहल्ल्यात बसा, फॉर्म समजावून सांगा. शासनाकडे हक्क मागताना हाच आकडा पुढे ठेवावा लागणार आहे.