बर्डसीएलला नावं ठेवण्याआधी

परवा टीममधल्या एका पोराने राउटरवर बर्डसीएल उघडला, वरचा बाण दाबला आणि स्क्रीनवर कचरा उमटला. "हिस्टरी नाही, टॅब चालत नाही, हे काय सॉफ्टवेअर आहे?" इति चिरंजीव.

अरे बाबा, ते मुद्दाम तसं आहे! बर्ड हा प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या विद्यार्थी-प्रकल्पातून आलेला राउटिंग डीमन. त्याच्या नेहमीच्या क्लायंटला, म्हणजे बर्डसीला, रीडलाइन आणि एनकर्सेस लागतात. आता छोट्या राउटरची फ्लॅश ८ एमबी. त्यात कर्नल, फायरवॉल, सगळा संसार. तिथे बाण चालावा म्हणून दोन लायब्रऱ्या कोंबायच्या? म्हणून तर २०१३ मध्ये, आवृत्ती १.३.१० ला, बर्डसीएल आला.

आणि मुळात क्लायंट करतो काय हो? युनिक्स सॉकेटवर एक ओळ पाठवतो, उत्तर वाचतो. उत्तराला चार आकडी कोड: ० ने सुरू झाला तर काम फत्ते, ८ म्हणजे चालताना गडबड, ९ म्हणजे तुमचं व्याकरण चुकलं. डोकं सगळं डीमनकडे. हरकाम्याला जरीचा फेटा कशाला?

लॅपटॉपवर बर्डसी खुशाल वापरा, मीही वापरतो. पण रात्री दोनला लिंक पडलेली असताना "लायब्ररी सापडली नाही" म्हणणारा क्लायंट मला नको. (हे भोगलंय, म्हणून सांगतोय.)

चिरंजीवांनी तरी काल हट्टाने बर्डसी घालून इमेज बनवली. फ्लॅशमध्ये मावली नाही. आता पूर्ण हुकूम टाइप करतोय. कुरकुरत, पण करतोय.