वायरलेस चार्जरच्या खोक्यावर काय लिहावे, हे कोण ठरवणार?

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली



१६ नोव्हेंबर २०२२ची बैठक आपल्या दप्तरी नोंदलेली असणारच. स्मार्टफोन, टॅब्लेट, लॅपटॉप यांना टाइप-सी हेच चार्जिंग पोर्ट असावे, यावर कंपन्या आणि सरकारी खात्यांचे एकमत झाल्याचे आपणच जाहीर केले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार होती. जानेवारी २०२३मध्ये भारतीय मानक ब्युरोने मानकही प्रसिद्ध केले. अंबाजोगाईत आम्ही ती बातमी वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. त्यातला पहिला टप्पा कोणता होता आणि तो कधी पुरा झाला, हे आपण आम्हाला केव्हा सांगितलेत? युरोपीय संघाने २०२२मध्येच कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४पासून फोनसाठी तो लागूही केला.

केबलचा प्रश्न असा लोंबकळत असताना बाजारात बिनकेबलीचे चार्जर आले. आमच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानांतही ते मिळतात. माझ्या पुतण्याने एक पॅड घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'सर्व स्मार्टफोनसाठी' आणि '१५ वॅट' असे छापले होते. त्याच्या फोनात चार्जिंगची कॉइलच नव्हती. पॅडमधल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह वाहतो आणि समोरच्या वेटोळ्यात वीज निर्माण करतो. समोर वेटोळेच नसेल, तर पॅडने काय करावे? खोके फोडलेला माल परत घेत नाही, असे दुकानदाराने सांगितले. मी त्याला दोष देत नाही, त्यालाही हे कोणी समजावलेले नाही.

फोनात कॉइल असली तरी '१५ वॅट' मिळतीलच असे नाही, हे आपल्या तज्ज्ञांना ठाऊक आहे. वायरलेस पॉवर कन्सॉर्टियम ही कंपन्यांची संघटना २००८पासून आहे आणि तिच्या मानकाचे नाव 'ची'. त्यात मूळ पातळी ५ वॅटची, वाढीव १५ वॅटची. २०२३मध्ये आलेल्या 'ची-टू'मध्ये चुंबकाच्या कड्यामुळे फोन नेमक्या जागी बसतो. काही कंपन्यांचा जादा वेग फक्त त्यांच्याच पॅडवर मिळतो. २०२०चा आयफोन १२ त्याच कंपनीच्या मॅगसेफ पॅडवर १५ वॅट घेई आणि साध्या 'ची' पॅडवर साडेसात. शिवाय पॅडला जोडलेला अडॅप्टर कमी ताकदीचा असेल, तर सगळेच मंदावते. पॅड, फोन आणि अडॅप्टर या तिघांचे जुळले तरच तो आकडा खरा. मग एकट्या पॅडच्या खोक्यावर तो छापायला परवानगी कशी?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्याच विभागाचा. वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता, किंमत यांबरोबर तिच्या मानकाचीही माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क त्यात लिहिलेला आहे. वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांनी खोक्यावर किंमत आणि तक्रारीचा पत्ता सक्तीने छापला जातो. हा चार्जर कोणत्या मानकाचा, फोनात काय असल्याशिवाय तो चालणार नाही, अडॅप्टर किती वॅटचा लागेल, एवढ्या तीन ओळी छापायला काय अडचण आहे? हजार-बाराशे रुपयांसाठी कोणी अंबाजोगाईहून बीडच्या ग्राहक आयोगापर्यंत हेलपाटे घालील, असे आपल्याला वाटते का?

आणखी एक गोष्ट. अशा चार्जिंगमध्ये वीज केबलपेक्षा जास्त वाया जाते आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते. फोन तापला की चार्जिंग मंदावते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या पॅडच्या खोक्यावर याचा एका शब्दाने उल्लेख असू नये?

टाइप-सीची सक्ती कोणत्या तारखेपासून, आणि बिनकेबलीच्या चार्जरच्या खोक्यावरील मजकुराचा नियम कधी, या दोन प्रश्नांची उत्तरे मला लेखी हवी आहेत. 'विचाराधीन आहे' हे उत्तर नको.

आपला,
एक ग्राहक
अंबाजोगाई, जि. बीड